बेडरूमचा रंग सगळ्यात शेवटी ठरवा

साडी घेताना आपण किती चोखंदळ असतो! दुकानातल्या ट्यूबखाली साडी आवडली तरी ती दारापाशी नेतो, उजेडात धरतो, खांद्यावर टाकून आरशात बघतो आणि सोबतच्या मावशीला विचारतो, "हा चिंतामणी आहे की जांभळाच?" ज्या भिंतींमध्ये पुढची सहा-सात वर्षं झोपायचं-उठायचं, त्यांचा रंग मात्र शेडकार्डवरच्या नखाएवढ्या चौकोनावरून पाच मिनिटांत ठरतो. कारण पेंटर म्हणालेला असतो, "ताई, आज सांगा, उद्या माल आणायचाय."

मीही तसाच ठरवला होता. पुण्यातला फ्लॅट, दहा बाय अकराची बेडरूम, पश्चिमेला खिडकी, खाली क्रीम रंगाच्या व्हिट्रिफाइड टाइल्स, सागवानी रंगाचं कपाट. कार्डवरचा एक निळसर राखाडी मला फार आवडला. भिंतीवर तो दुपारी बरा दिसायचा, पण संध्याकाळी ट्यूब लावली की खोली परकी वाटायची आणि फरशी एकदम पिवळट, जुनाट दिसायची. तोच रंग माझ्या नणंदेच्या घरी पांढऱ्या फरशीवर सुरेख दिसतो. आम्हाला दीड महिन्यात पुन्हा रंग द्यावा लागला, आणि त्या दुसऱ्या खेपेला मी जो क्रम धरला तोच इथे लिहिते आहे.

क्रमामागचा विचार साधा आहे. दुकानातलं टिंटिंग मशीन हजारो छटा बनवून देतं, पण तुमच्या फरशीशी जुळणारी खिडकी किंवा कपाटाशी जुळणारी दिशा कुठे मिळत नाही. म्हणून जे बदलणार नाही ते आधी बघायचं, मग दिवे, मग कापड, आणि रंग अगदी शेवटी.

सुरुवात ओलीपासून

रंगाचा विचार करण्याआधी भिंतीवर हात फिरवा. पोपडे आलेत का, पांढरी पावडर हाताला लागते का, कोपऱ्यात काळे ठिपके आहेत का? बाथरूमला लागून असलेली भिंत, खिडकीच्या खालचा भाग आणि सगळ्यात वरचा मजला असेल तर छत, ही तीन ठिकाणं नीट तपासा. शंका वाटली तर दीड फुटाचा प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बंद करून एक दिवस भिंतीवर ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, पाण्याचे थेंब जमले तर भिंतीत ओल आहे. थेंब बाहेरच्या बाजूला असतील तर तो हवेतला दमटपणा. भिंतीत ओल असेल तर आधी गळती शोधून बंद करायची, भिंत वाळू द्यायची. ओलीवर महागडा रंग लावला तरी तो एका पावसाळ्यात फुगतो.

गणपतीच्या आधी घराला रंग हवा, ही इच्छा मला कळते. पण भर पावसाळ्यात, विशेषतः मुंबईत आणि कोकणात, पुट्टी नीट वाळत नाही आणि दोन हातांमधलं अंतर पाळता येत नाही. पाऊस संपून भिंतींना दोन-तीन आठवडे ऊन-वारा मिळाला की काम काढावं. दिवाळीच्या आधी घाई होत असेल तर दिवाळीनंतर करा. नवीन प्लास्टर असेल तर किमान २८ दिवस त्याला हात लावू नये.

दारं-खिडक्यांवर जुना ऑइलपेंट असेल तर एक गोष्ट मनावर घ्या. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची, म्हणजे दशलक्ष भागांत ९० भागांची, मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं जास्त असू शकतं. तो रंग कोरडा घासला की धूळ घरभर पसरते आणि शिसं लहान मुलांना व गरोदर बाईला फार घातक असतं. वॉटरपेपर पाणी लावूनच चालवायला सांगा, मुलांना त्या दिवसांत दुसरीकडे ठेवा आणि नंतर फरशी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा.

जे बदलणार नाही त्याची यादी

आता एक कागद घ्या. फरशी, कपाटाचं लॅमिनेट, दार, खिडकीची चौकट आणि खालचा ग्रॅनाइट, पंखा, असलंच तर लोखंडी कपाट. प्रत्येकापुढे रंग लिहा, आणि नुसतं "क्रीम" किंवा "ब्राउन" लिहून थांबू नका. क्रीम पिवळट आहे की गुलाबीकडे झुकणारं? तपकिरी लालसर आहे की राखाडी?

इथे आपली साड्यांची भाषा कामाला येते. कार्डवरची इंग्रजी नावं ऐकून घरात कुणाच्याच डोळ्यासमोर काही येत नाही. "बदामी", "गव्हाळ", "मोतिया", "अबोली", "शेवाळी", "अंजिरी", "श्रीखंडी" म्हटलं की आईपासून मुलीपर्यंत सगळ्यांना एकच रंग दिसतो. आमच्या घरातली अर्धी भांडणं रंगाची नव्हतीच, नावांची होती. नवरा ज्याला बेज म्हणत होता त्यालाच सासूबाई बदामी म्हणत होत्या.

फरशीकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या, कारण भिंतीखालोखाल तिचाच पसारा मोठा असतो. पिवळट क्रीम टाइल्सवर निळसर राखाडी भिंत आली की टाइल्स मळक्या दिसतात, हे मी भोगलं आहे. कोटा किंवा शहाबादी फरशीत हिरवट-निळसर राखाडी असतो. तिच्यावर मातकट, गव्हाळ, हलका शेवाळी छान बसतो, गुलाबी मात्र बहुतेक वेळा फिका आणि आजारी वाटतो. जुन्या घरातली नक्षीची सिमेंट टाइल असेल तर तुमचं नशीब मोठं. तिच्यातलाच एखादा फिकट रंग भिंतीवर आणा आणि बाकी काही करू नका.

खिडकी कुठल्या दिशेला, आणि समोर काय

उत्तरेच्या खिडकीतून वर्षातला बराच काळ थेट ऊन येत नाही. उजेड एकसारखा आणि थोडा निळसर असतो, त्यामुळे थंड राखाडी अजून थंड दिसतो. आपला महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, म्हणून पुण्यात साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो. त्या काळात उत्तरेच्या खिडकीतही सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन शिरतं. फक्त मे महिन्यात खोली बघून रंग ठरवला तर बाकीचं वर्षभर तो वेगळा दिसेल. दक्षिणेच्या खिडकीत उलट असतं, हिवाळ्यात ऊन पार पलंगापर्यंत येतं.

पश्चिमेच्या खोलीत चार ते सहा या वेळात उजेड नारिंगी होतो. तिथे पीच किंवा अबोली भिंत त्या दोन तासांत तापल्यासारखी दिसते. शेवाळी, राखाडीकडे झुकलेला गव्हाळ, मोतिया हे रंग ते ऊन शांतपणे झेलतात. पूर्वेची खोली सकाळी उबदार आणि दुपारनंतर सपाट दिसते, तिथे थोडा उबदार रंग चालतो.

दिशेपेक्षाही कधी कधी समोर काय आहे ते जास्त महत्त्वाचं ठरतं. शहरात खिडकीसमोर हातभर अंतरावर दुसरी इमारत असते आणि तिच्या भिंतीचा रंग परतून आपल्या खोलीत येतो. समोर आंब्याचं झाड असेल तर दिवसभर उजेडाला हिरवट झाक असते. पांढरा कागद भिंतीला लावून दुपारी त्याच्याकडे बघा, झाक लगेच कळते.

दिवे रंगाच्या आधी बदला

बेडरूम आपण दिवसा फारशी बघतच नाही. सकाळी सातला उठून निघतो, रात्री नऊनंतर तिथे टेकतो. म्हणून साडी उन्हात बघावी आणि बेडरूमचा रंग रात्रीच्या दिव्यात, असं माझं ठाम मत झालं आहे.

आपल्याकडे बहुतेक घरांत ६५०० केल्विनचा पांढराशुभ्र एलईडी असतो (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर). तो निळसर असतो, आणि त्याखाली सगळे उबदार रंग फिके पडतात. बेडरूमला २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर दिवा असावा. मुलांचा अभ्यास त्याच खोलीत होत असेल किंवा कपाटात कपडे शोधायचे असतील तर एक ४००० केल्विनची ट्यूब वेगळ्या बटणावर ठेवा. हा आकडा खोक्यावर छापलेला असतो. पिवळ्या दिव्याने डोळ्यांना त्रास होईल अशी घरातल्या मोठ्यांना भीती असते. वाचायला पलंगाशेजारी पुरेशा उजेडाचा वेगळा दिवा दिला की ती भीती जाते, आमच्याकडे तरी गेली.

पलंग कुठे येणार हेही याच टप्प्यावर पक्कं करा, कारण त्यावर बटणं आणि पॉइंट ठरतात. डोकं दक्षिणेला हवं की पूर्वेला, याबद्दल घरातल्या मोठ्यांचा आग्रह असेल तर तो आत्ताच विचारून घ्या. रंग लागल्यावर पलंग फिरला तर बटण पाठीमागे जातं आणि नव्या भिंतीत फोडाफोडी करावी लागते. मापंही घ्या. दहा बाय अकराच्या खोलीत सहा बाय साडेसहाचा पलंग दहा फुटी भिंतीला टेकवून मध्ये ठेवला तर दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट उरतात. समोर दोन फूट खोल कपाट धरलं तर पलंग आणि कपाट यांत अडीच फूट राहतात. कपाटाची दारं बाहेर उघडणारी असतील तर हे अडीच फूट पुरतात का ते दार उघडून बघा, नाहीतर सरकती दारं किंवा पाच फुटी पलंग घ्या.

कापड आधी, भिंत नंतर

चादर, पडदा, गोधडी यांचे रंग तुम्हाला बाजारात मिळतील तेवढेच आहेत. भिंतीचा रंग पाहिजे तसा बनवून मिळतो. म्हणून पडद्याचं कापड हातात आल्याशिवाय शेड ठरवू नका.

आमच्याकडे हा प्रश्न आजीच्या गोधडीने सोडवला. तिच्या जुन्या नऊवारींची ती गोधडी आहे, डाळिंबी, हिरवा, हळदी असे तुकडे, वर पांढऱ्या दोऱ्याचे टाके. ती पलंगावर पसरली की खोलीत तिचंच राज्य असतं, मग भिंतींनी गप्प राहायला हवं. सोलापुरी चादरींचंही तसंच, त्यांची नक्षी आणि रंग ठसठशीत असतात. पलंगावर असं काही येणार असेल तर पडदे एकरंगी आणि भिंत गव्हाळ किंवा मोतिया ठेवा. तुमच्या चादरी साध्या पांढऱ्या असतील तर भिंतीला थोडा रंग द्यायची मोकळीक मिळते. आणि उशांची जोडी खणाच्या कापडाची शिवली तर ती एवढीशी जागा पुरते, खणाचे पडदे खोलीला जड होतात.

पडद्याचा हिशोब असा. रॉड खिडकीच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच जास्त आणि चौकटीच्या वर पाच-सहा इंच. खिडकी चार फूट असेल तर रॉड पाच फूट, आणि चुणीसाठी कापडाची रुंदी दुप्पट, म्हणजे दहा फूट. ४८ इंची पन्ह्याचे अडीच पडदे होतात, तेव्हा तीन घ्या. सुती कापड शिवण्याआधी पाण्यातून काढा, नाहीतर पहिल्याच धुण्यात आखडतं. पश्चिमेच्या खिडकीला अस्तर लावाच. खोलीच्या आतल्या रंगाने उन्हाचा ताप कमी होत नाही, अस्तराच्या पडद्याने मात्र नक्की होतो.

रंगाची झाक ओळखणं

लहानपणी चुन्याचा हात देताना त्यात चिमूटभर नीळ टाकलेली आठवते? चुन्याची पिवळट झाक मरून भिंत लख्ख दिसायची. पांढऱ्या धोतरांनाही तीच नीळ. झाक म्हणजे तेच, रंगाच्या पोटात लपलेला दुसरा रंग. प्रत्येक पांढऱ्यात, राखाडीत, बदामीत ती असते आणि लहान चौकोनावर दिसत नाही, चार भिंतींवर मात्र उघडी पडते.

ओळखायचा सोपा मार्ग आहे. शेडकार्डवर एका पट्टीत फिकट ते गडद अशा छटा असतात. तुम्हाला आवडलेली फिकट छटा सोडून त्याच पट्टीतली सगळ्यात गडद छटा बघा. ती जांभळट असेल तर तुमचा निरागस राखाडीही भिंतीवर जांभळट होणार. माझ्या पहिल्या रंगाच्या पट्टीच्या टोकाला चक्क गडद निळा होता, मी तिकडे बघितलंच नव्हतं.

काही कंपन्यांच्या शेडसोबत एलआरव्ही नावाचा आकडा मिळतो, शून्य म्हणजे काळा आणि शंभर म्हणजे सगळा उजेड परतवणारा. लहान, एका खिडकीच्या बेडरूमला मी ६० ते ७५ च्या मधलं काहीतरी निवडेन. ८५ च्या वर गेलं की पिवळ्या दिव्यातही भिंत कोरी दिसते आणि प्रत्येक बोट उमटतं. कार्डवरून निवडलेला रंग चार भिंतींवर अधिक भडक वाटतो, कारण भिंती एकमेकींवर रंग टाकतात. म्हणून मनात बसलेल्या छटेपेक्षा एक घर फिकट किंवा जरा मळकट छटा घ्या.

नमुना भिंतीवर लावू नका, पुठ्ठ्यावर लावा

तीन छटा निवडा, तीनच. त्यांचे छोटे डबे आणा, साधारण २०० मिलीलिटरचे सँपल बऱ्याच दुकानांत मिळतात. दोन बाय दोन फुटाचा पांढरा पुठ्ठा किंवा हार्डबोर्ड घ्या, प्रायमरचा एक हात आणि रंगाचे दोन हात द्या. कडेला पांढरी पट्टी सोडू नका. थेट भिंतीवर ठिपके लावले तर शेजारचा जुना रंग डोळ्याला फसवतो, आणि पुठ्ठा खोलीभर फिरवता येतो.

पुठ्ठा उभा करा, फरशीला टेकवून. सकाळी सातला, दुपारी, पाच वाजता आणि रात्री दिवे लावून बघा. खिडकीच्या भिंतीवर आणि तिच्या समोरच्या भिंतीवर तोच रंग दोन रंगांसारखा दिसेल. शेजारी पडद्याचं कापड धरा. एकदा पलंगावर आडवं पडून बघा. तीन दिवस ठेवा. ज्या पुठ्ठ्याकडे तिसऱ्या दिवशी लक्षच जात नाही, तो घ्या. मोबाइलच्या फोटोवर मात्र ठरवू नका, कॅमेरा पांढरा रंग स्वतःच्या मनाने जुळवतो.

एक भिंत गडद करावी का?

पलंगामागची भिंत गडद करायची पद्धत आहे. ती दारातून येणाऱ्याला दिसते. पलंगावर पडलेल्याला समोरची भिंत आणि छत दिसतं. तेव्हा गडद भिंत कुणासाठी, हे ठरवून घ्या. लहान खोलीत माझा कल चारही भिंती एकाच रंगाच्या ठेवण्याकडे आहे.

पलंगामागच्या भिंतीला गडद रंगाचं एक खरं कारण आहे, ते म्हणजे तेल. आपल्या घरात डोक्याला खोबरेल लागतं, आणि पलंगाला उंच पाठ नसेल तर वर्षभरात भिंतीवर गोल डाग पडतो. त्या भिंतीला धुता येणारा इमल्शन, म्हणजे पाण्यात कालवायचा रंग, द्या किंवा पलंगाला पाठ करून घ्या. बाकी ठिकाणी मॅट फिनिश उत्तम, कारण चकाकीच्या रंगावर ट्यूबचा तिरपा उजेड पडला की पुट्टीचा प्रत्येक उंचवटा दिसतो. छताला भिंतीच्याच रंगाची अगदी फिकट छटा दिली तर पांढऱ्या छताची कडक रेघ जाते.

माल किती, काम कसं

आमच्या दहा बाय अकराच्या खोलीचाच हिशोब घ्या: चार भिंतींचा ४२ फूट घेर गुणिले साडेनऊ फूट उंची म्हणजे ३९९ चौरस फूट. त्यातून दार २१, खिडकी २० आणि भिंतीतलं कपाट ४२ वजा केलं तर ३१६ उरतात. चांगला इमल्शन दोन हातांत लिटरला साधारण ६० ते ७० चौरस फूट जातो, म्हणजे पाच लिटर, चारचा एक आणि एकचा एक डबा. दोन्ही डब्यांतला रंग एका बादलीत एकत्र करून मगच वापरायला सांगा, नाहीतर एका भिंतीवर मध्येच छटा बदलते. पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच. पिवळ्या आणि लाल रंगांना बहुधा तिसरा हात लागतो, तो हिशोब आधीच बोलून घ्या.

कामाचा क्रम असा: वायरिंग, घासकाम, पुट्टीचे दोन हात, पुन्हा घासकाम, प्रायमर, मग दिवे लावून भिंत बघणे आणि राहिलेले खड्डे पुट्टीने बुजवणे, छत, भिंतींचा पहिला हात, दुसरा हात, शेवटी दारं. प्रायमरनंतर रात्रीचे दिवे लावून भिंत बघायची पायरी पेंटर टाळतात. तुम्ही टाळू नका, खड्डे तेव्हाच दिसतात आणि तेव्हाच बुजवता येतात.

सजावट हळूहळू

रंग वाळल्यावर आठ दिवस भिंतींवर काहीच लावू नका. खिडक्या उघड्या ठेवा आणि रिकाम्या खोलीत झोपून बघा. मग एका भिंतीवर एकच चित्र, त्याचा मध्य फरशीपासून पावणेपाच ते पाच फुटांवर. उशाच्या वर काचेची जड फ्रेम नको, तिथे कापडाचं काहीतरी चालेल. वारली चित्र लावणार असाल तर ते मुळात गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेलं असतं हे लक्षात ठेवा. त्या तांबूस पार्श्वभूमीला मोतिया भिंत शोभते, गुलाबी नाही. भाड्याचं घर असेल आणि मालक रंगाला नाही म्हणत असेल तर दिवे, पडदा आणि चादर एवढ्यावरच भर द्या, खोली निम्म्याहून जास्त बदलते.

आणि काम संपलं की उरलेला रंग टाकून देऊ नका. घट्ट झाकणाच्या बरणीत अर्धा लिटर ठेवा. डब्याच्या झाकणावरचं टिंटिंगचं लेबल, ज्यावर शेडचा कोड आणि बेस लिहिलेला असतो, कपाटाच्या दाराला आतून चिकटवा आणि शेजारी तारीख लिहा. पुढे खिळा काढल्यावर भोक बुजवायचं असेल तेव्हा ते लेबल कुठे आहे, हे सगळ्या घराला माहीत असेल.